डेस्कटॉप जोडायला बसण्यापूर्वी

डेस्कटॉप स्वतः जोडायचं ठरवलं असेल, तर आदल्या दिवसाची एक संध्याकाळ नुसती जुळवाजुळव तपासायला ठेवा. प्रत्यक्ष जोडणी दोन-तीन तासांत होते. काम अडतं ते एखादा भाग दुसऱ्याशी जुळत नाही म्हणून, आणि हे खोकी न फोडताही कळू शकतं. प्रत्येक खोक्यावरचा मॉडेल क्रमांक अक्षरन् अक्षर कागदावर उतरवून घ्या. मदरबोर्डची माहितीपुस्तिका फोनवर डाउनलोड करून ठेवा. खोक्यातली छापील पुस्तिका बरेचदा अगदीच त्रोटक असते.

आधी प्रोसेसर आणि मदरबोर्ड. दोघांवर सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं, नाव एकच हवं. एएमडीचा एएम४चा प्रोसेसर एएम५च्या बोर्डावर बसत नाही. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना एलजीए १७०० सॉकेट लागतो. सॉकेट जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण बोर्डातला बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) जुना असेल तर नवा प्रोसेसर ओळखलाच जात नाही. कोणत्या प्रोसेसरला बायोसची कितवी आवृत्ती लागते, याचा तक्ता बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, तो बघा. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावताच पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याचं बटण असतं; तुमच्या बोर्डावर ते आहे का, तेही आत्ताच पाहून ठेवा. प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षरही वाचा. इंटेलच्या नावाअखेर 'एफ' असेल तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय स्क्रीन काळीच राहणार.

रॅमचं तपासणं सोपं आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी जात नाही. जोर लावून तर मुळीच घालू नका. पट्ट्या दोन आणि स्लॉट चार असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी शेजारी लावल्या तर मशीन चालू होईलही, पण दोन्ही पट्ट्या एकाच चॅनलवर (रॅम आणि प्रोसेसरमधल्या वाटेवर) अडकतात आणि वेग घटतो.

कॅबिनेटचं गणित मिलिमीटरमध्ये करा. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४, मायक्रो एटीएक्स कमाल २४४ बाय २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि प्रोसेसरच्या कूलरची उंची या दोन आकड्यांवर लोक फसतात. कॅबिनेटच्या माहितीत दिलेली कार्डाची कमाल लांबी पुढचा रेडिएटर (पाण्यावर चालणाऱ्या कूलरची जाळी) धरून आहे की न धरता, हेही नीट वाचा.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे. ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत वीज मिळते, ६ पिनांच्या वायरीतून आणखी ७५ आणि ८ पिनांच्या वायरीतून १५० वॉट. कार्डाच्या कंपनीने सुचवलेला एकूण वॉटचा आकडा आणि लागणाऱ्या वायरींची संख्या, दोन्ही तुमच्या एसएमपीएसवर आहेत ना, ते ताडून पाहा. मॉड्युलर एसएमपीएस असेल, म्हणजे वायरी सुट्या लावायच्या असतील, तर फक्त त्याच खोक्यातल्या वायरी वापरा. मी एकदा एसएमपीएस बदलला, पण कॅबिनेटमागे नीट बांधलेली, हार्ड डिस्कला वीज देणारी जुनी साटा वायर तशीच राहू दिली आणि तिचं टोक नव्या एसएमपीएसला लावलं. प्लग अगदी चपखल बसला. बटण दाबताच हार्ड डिस्क बंद पडली ती कायमची, आणि तिच्यावरचे घरचे फोटो परत मिळाले नाहीत. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकात कोणती तार कुठे असावी याचा ठरलेला नियम नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती मांडणी वेगळी असू शकते. म्हणून उरलेल्या वायरी पिशवीत घालून पिशवीवर एसएमपीएसचा मॉडेल क्रमांक लिहा.

साठवणीचं थोडक्यात: एम.२ एसएसडी (बोर्डावर थेट बसणारी साठवणीची पट्टी) बहुधा २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब असते. ती एनव्हीएमई आहे की साटा (हे तिच्या जोडणीचे दोन प्रकार), आणि स्लॉटला कोणती चालते, हे पुस्तिकेत पाहा. काही बोर्डांवर ठरावीक एम.२ स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो. एसएसडी आवळायचा इवलासा स्क्रू आधीच शोधून वाटीत ठेवा.

टेबलावर भरपूर उजेड, चुंबकी टोकाचा मध्यम फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, स्क्रूंसाठी दोन-तीन वाट्या, वायरी बांधायच्या पट्ट्या आणि कूलर जुना असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं. गालिच्यावर बसू नका. प्रत्येक भाग उचलण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल.

बोर्ड थेट कॅबिनेटमध्ये न टाकता त्याच्याच रिकाम्या खोक्यावर ठेवा आणि प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएसडी तिथेच बसवा. एलजीए सॉकेट उघडलात की तळाशी शेकडो बारीक स्प्रिंगसारख्या पिना एका दिशेने कललेल्या दिसतील. तिथे बोट नको, कापडही नको. प्रोसेसर कडांनी धरा, त्याच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि सरळ खाली ठेवून सोडून द्या. सरकवू नका. सॉकेटची दांडी खाली दाबताना बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो; प्रोसेसर नीट बसलेला असेल तर घाबरू नका. त्या दाबाने वरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण आपोआप निघतं, ते जपून ठेवा. एएम४मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. तिथे दांडी वर असताना तो स्वतःच्या वजनाने आत गेला पाहिजे.

थर्मल पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी पुरते. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली का, हे कागदावर वेगळं लिहून त्यापुढे खूण करा, कारण ती दिसत नाही आणि राहिली तर प्रोसेसर मिनिटभरात तापतो. कूलरच्या पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लावा.

मग कॅबिनेट. बोर्डाला जितकी स्क्रूची भोकं, तितकेच पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे छोटे खुंट) आणि अगदी त्याच जागी. एक जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होऊ शकतो. मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी बोर्डाला जोडलेली नसेल तर बोर्डाआधी बसवा, नाहीतर सगळं पुन्हा खोलावं लागतं. २४ पिनांची मोठी वायर कोणी विसरत नाही. विसरते ती प्रोसेसरच्या डोक्याजवळची ८ पिनांची. तिची वायर बोर्ड बसवण्याआधीच मागून ओवून घ्या. पुढच्या बटणांच्या बारीक वायरी पुस्तिकेतलं चित्र समोर ठेवून लावा. दिव्यांच्या वायरींना अधिक-उणे असतं, बटणांच्या वायरींना नसतं. यूएसबी ३चा जाड निळा प्लग तिरका ओढाल तर बोर्डावरच्या पिना वाकतात, तेव्हा तो अगदी सरळ धरा.

चालू करण्याआधी, ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्यालाच लावली आहे ना, ते पाहा. बोर्डावरच्या पोर्टला लावून 'डिस्प्ले येत नाही' म्हणत बसलेले अनेक जण मी पाहिले आहेत. ऑपरेटिंग सिस्टीमचा पेनड्राइव्ह, निदान ८ जीबीचा, आधीच दुसऱ्या कॉम्प्युटरवर तयार करून ठेवा. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी बोर्ड रॅमची चाचपणी करतो आणि स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. तेवढा वेळ वीज तोडू नका. बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, कार्ड आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. अडलंच तर कोणता दिवा अडून राहिला, तिथून शोध सुरू करा. बायोस उघडला की रॅम पूर्ण दिसते का आणि प्रोसेसरचं तापमान स्थिर आहे का ते पाहा, मग एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. बाजूचं झाकण लगेच आवळू नका. थोडा वेळ मशीन चालवून, कान देऊन, पंख्याला कुठली वायर घासत नाही याची खात्री झाली की मगच ते लावा.