रात्री एकट्यानं बाईक काढताय? या चुका टाळा

हेल्मेटची काळी काच. सुरुवात हिच्यापासूनच, कारण दर वेळी कुणीतरी ती लावून येतंच. संध्याकाळी निघताना ती रुबाबदार दिसते, आणि अंधार पडला की वर करून चालवू, असा बेत असतो. माझ्या एका मित्राचाही हाच बेत होता. काच वर, वेग जेमतेम चाळीस, आणि किडा थेट डोळ्यात. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यातून पाणी, मागून ट्रकचा हॉर्न. घाईनं कडेला घ्यायला गेला तो खडीवर घसरला. गुडघा फुटला, क्लचचा लिव्हर मोडला. पारदर्शक काचेचं दुसरं हेल्मेट घरी खुंटीला लटकत होतं.

रात्रीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या चष्म्यांवरही माझा विश्वास नाही. रंगीत काच थोडा तरी प्रकाश खातेच, आणि रात्री तो मुळातच कमी असतो. पारदर्शक काचही चरे पडलेली नको, समोरचा दिवा प्रत्येक चऱ्यावर फुटून पसरतो. हे चरे बहुतेक वेळा आपणच पाडतो, धुळीवर कोरडा हातमोजा फिरवून. मी निघण्याआधी काचेवर ओलं फडकं थोडा वेळ ठेवतो, मगच पुसतो.

दुसरी चूक वेगाची. ‘रस्ता मोकळा होता’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. रात्री रस्ता मोकळा नसतो, फक्त दिसत नसतो. साधा हेडलाइट डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या झोतावर, कामाचा उजेड देतो तो 40-50 मीटरपर्यंत. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. दिसणं, कळणं आणि ब्रेकवर हात जाणं यात एक-दीड सेकंद जातो, पुढं कोरड्या रस्त्यावरही थांबायला 20 मीटर लागतात. म्हणजे साठलाच सगळा उजेड संपला. ऐंशीला तर दिवे न लावता उभा असलेला बंद ट्रक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. यावर लोकांचा उपाय काय, तर जास्त वॅटचा बल्ब! तो बसवून वेग आणखी वाढवतात. निवांत फिरायला निघालात ना? मग पन्नासच्या आत राहा.

समोरून कुणी अप्परवर, म्हणजे वरच्या लांब झोतावर, आलं तर चिडून आपलाही अप्पर मारू नका, आता आंधळे दोघं झालात. नजर त्याच्या दिव्यावरून काढून आपल्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर न्या आणि वेग उतरवा.

एकच दिवा दिसला म्हणजे बाईकच, असं धरू नका. एक दिवा गेलेली मोटारही असते, आणि कोणत्या बाजूचा गेलाय ते जवळ येईपर्यंत कळत नाही.

मागं बॅग बांधली की हेडलाइट वर उचलला जातो, तेव्हा बॅग हलकी ठेवा किंवा दिवा खाली करून घ्या. हँडलवरचा मोबाइल सर्वांत मंद उजेडावर ठेवा. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना 20-30 मिनिटं लागतात, आणि एका झगझगीत स्क्रीननं ते पाण्यात जातं.

झोपेवर चहा, गाणी, तोंडावर पाणी वगैरे तोडगे मला सांगू नका. नुकताच मागं टाकलेला फाटा आठवत नसेल तर उजेडाची, माणसांची जागा गाठा, बाईक लावा आणि वीस मिनिटं झोपा. घरी उशीर होईल असा फोन मात्र आधी करा.