पावसाळी ट्रेकआधी: पट्टे, बक्कलं आणि सॅकची डागडुजी

पहिला पाऊस पडायच्या आत सॅक माळ्यावरून खाली काढा, पूर्ण रिकामी करा आणि एकेक बक्कल लावून बघा. नुसता ‘टक्’ आवाज आला म्हणून खूश होऊ नका. लावलेल्या बक्कलाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना हिसका द्या, आतल्या दांड्याला बारीक चीर गेली असेल तर तेव्हाच कळतं. खांद्याचा पट्टा पाठीला जिथे शिवलाय तिथली शिवण बोटांनी फाकवून पाहा. उसवली असेल तर हे काम गडावर व्हायचं नाही, आजच चांभाराकडे किंवा बॅग दुरुस्तीवाल्याकडे टाका. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचाच हवा असं बजावून सांगा, सुती दोरा भिजून भिजून कुजतो.

मग पट्ट्यांची रुंदी मोजा. सॅकला साधारणपणे 20 आणि 25 मिमीच्या पट्ट्या असतात, कंबरेला 38 किंवा 50 मिमीची. 25 च्या पट्टीला 38 चं बक्कल लावलं की पट्टी आत तिरपी होते आणि चढ चढता चढता सैल पडत जाते. मापं फोनमध्ये लिहून घ्या आणि मगच बाजारात जा; पुण्यात रविवार पेठ, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या. बक्कलाचे दोन्ही अर्धे घ्या, कारण एका कंपनीचा नर दुसऱ्या कंपनीच्या मादीत बसेलच असं नाही. जोडीला दांड्यात मुद्दाम फट ठेवलेलं, म्हणजे न शिवता पट्टीत अडकवता येणारं एक बक्कल मिळालं तर किमतीची घासाघीस न करता उचला. दुरुस्तीच्या सामानाच्या अख्ख्या पाऊचमध्ये त्याच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नाही.

पट्टी मीटरवर मिळते, पण कशाची आहे ते दुकानदार धड सांगेलच असं नाही. घरी एक तुकडा बादलीत चोळून बुडवा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन: पाणी पीत नाही, पण उन्हाने लवकर खराब होते. तळाला गेला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. नायलॉन ओलं झालं की थोडं ताणतं, त्यामुळे बाहेर बांधलेली मॅट तासाभराने लोंबायला लागते. अशा बांधाबांधीला पॉलिस्टर बरं. टोक तिरकं कापा, लायटरच्या आचेवर वितळवा आणि गरम असतानाच चमच्याच्या पाठीने दाबून चपटं करा. तिथे गाठ राहिली तर ते टोक बक्कलातून जाणार नाही. बोटाने दाबायला जाऊ नका, वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं.

बुटासाठी वेगळे दोन पट्टे घ्या, 20 मिमीचे, प्रत्येकी हात-सव्वा हात लांब, कॅम बक्कल (खटक्याने पट्टी चिमटून धरणारं) लावलेले. वर्षभर कपाटात पडलेल्या बुटाचा सोल दमट हवेने आतून भुसभुशीत होतो आणि नेमका उतरणीवर सुटतो. एक पट्टा बोटांमागून, दुसरा टाचेच्या पुढच्या खोलगट भागातून. बक्कल पायाच्या वर, बाहेरच्या बाजूला. ओल्या कातळावर पुढचा पट्टा घसरतो, तिथे जपून. फेव्हिक्विकवर विसंबून राहू नका.

सजावटीचा सोस आवरा. काठी अडकवायला एक लूप आणि मॅटसाठी खाली दोन पट्टे एवढं पुरे. लोंबणारी प्रत्येक गोष्ट कारवीच्या झुडपांत अडकते. उरलेली टोकं गुंडाळून रबराने बांधा.

हे सगळं सॅक, बूट आणि मॅटपुरतंच. हार्नेस, स्लिंग किंवा ज्यावर माणूस लटकणार आहे त्या कशालाही घरी टाका घालायचा नाही. खराब वाटलं तर कापूनच टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही.

पाऊच सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. सुई-दाभण, दोरा, लायटर, चार केबल टाय त्यातच. एका ग्रुपला एक पाऊच पुरतो, फक्त तो कुणाकडे आहे हे गाडीत बसायच्या आधी विचारून घ्या.