पोराला शाळेत कोणी त्रास देतंय? भांडायला जायच्या आधी हे वाचा

"मला शाळेत बुली करतात" असं कुठलंच मूल घरी येऊन सरळ सांगत नाही. पोट दुखतं म्हणतं, तेही नेमकं रविवारी रात्री नाहीतर सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजल्यावर. डबा तसाच परत येतो, कंपास हरवतो, नवीन घेतला की तोही हरवतो. आणि एक गोष्ट बऱ्याच आईबाबांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे पोरगं घरी आलं की दप्तरसुद्धा न काढता धावत बाथरूममध्ये जातं आणि पाण्याची बाटली भरलेलीच असते. शाळेच्या टॉयलेटमध्ये टीचर नसतात ना, त्रास द्यायला सगळ्यात सोयीची जागा तीच, मग तिथे जायला लागू नये म्हणून मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत. यातलं एखादं दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, पण दोनतीन गोष्टी एकदम आणि रोज दिसायला लागल्या तर मात्र विचारायलाच हवं.

विचारायचं कसं, तर समोर बसवून "बोल, कोण मारतं तुला" असं अजिबात नाही. स्कूटरवर मागे बसलेलं असताना, मटार सोलताना, रात्री लाईट बंद केल्यावर मुलं जास्त बोलतात कारण तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातोस, व्हॅनमध्ये शेजारी कोण बसतं, पीटीच्या तासाला टीम कशी पाडतात असं साधं विचारा. आणि बोलायला लागलं की मध्ये तोंड घालू नका. "तूच काहीतरी केलं असशील", "एवढंच ना, लक्ष देऊ नकोस" हे ऐकलं की ते परत सांगायला येणार नाही. "तू पण दे ना एक ठेवून" हा तर आपल्याकडचा आवडता सल्ला, पण वर्गात टीचरना दिसतो तो बहुतेकदा दुसरा फटका, पहिला नाही, आणि मग डायरीत रिमार्क तुमच्याच पोराला मिळतो. त्यापेक्षा सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, एवढं म्हणा आणि जवळ घ्या.

मूल हमखास म्हणतं की शाळेत सांगू नको. नाही सांगणार असं वचन देऊ नका, ते मोडावं लागतं. तुला न विचारता, तुला न सांगता काहीही करणार नाही असं म्हणा आणि ते पाळा.

त्याच रात्री एक साधी वही करा. तारीख, कुठला तास, जागा, कोणी काय केलं, कोणी पाहिलं. मूल जे शब्द वापरतं तेच लिहा, शिव्या असतील तर त्याही. कपडे फाटले, वळ उठला तर फोटो काढा. इन्स्टावर किंवा ग्रुपवर काही टाकलं असेल तर ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट, नाव आणि वेळ दिसेल असा.

आता शाळा. दोन गोष्टी करू नका, प्लीज. त्या दुसऱ्या मुलाला गेटवर गाठून दम देऊ नका (तेही लेकरूच आहे आणि मग तक्रार तुमच्यावरच येते) आणि क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहू नका, तिथे तासाभरात दोन पार्ट्या पडतात आणि मूळ विषय बाजूलाच राहतो. आधी क्लासटीचरना वेळ मागून भेटा, शाळा सुटताना घाईत नको. वही घेऊन जा. "त्याला शिक्षा करा" यापेक्षा करता येण्यासारखं काहीतरी मागा: बेंच बदला, मधल्या सुट्टीत टॉयलेटच्या पॅसेजमध्ये कोणीतरी मोठं माणूस उभं राहू दे, व्हॅनमध्ये याला पुढे बसवा. दोघांना वर्गापुढे उभं करून "सॉरी म्हण, शेकहँड कर" हे नको असं स्पष्ट सांगा, त्याने शाळा सुटल्यावरचा त्रास वाढतो.

आठवड्याभरात फरक पडला नाही की मुख्याध्यापकांना लेखी अर्ज. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, कारण तोंडी तक्रार "आम्हाला कोणी सांगितलंच नाही" इथे येऊन संपते. अर्ज एका पानाचाच ठेवा: "माझा मुलगा इयत्ता सहावी ब मध्ये आहे. अमुक तारखेला मधल्या सुट्टीत असं घडलं, त्याआधी या या तारखांना असं घडलं. वर्गशिक्षिकांना अमुक तारखेला भेटलो. पुढील गोष्टी कराव्यात आणि काय केलं ते लेखी कळवावं ही विनंती." दोन प्रती न्या, एकीवर ऑफिसचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच मिळाल्याशिवाय निघू नका, देत नसतील तर तोच अर्ज ईमेल करा किंवा स्पीड पोस्टाने पाठवा.

शाळा सीबीएसईची असेल तर बोर्डाने 2015 मध्येच बुलिंग रोखायला शाळेत समिती हवी असं परिपत्रक काढलंय, त्या समितीत कोण आहे ते विचारा. महाराष्ट्रात 2022 च्या शासन निर्णयाने शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आलीये, तिच्याबद्दलही विचारा. तरी शाळा ढिम्म असेल तर पोच जोडून तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी आणि त्याच्याही वर राज्य बालहक्क संरक्षण आयोग. त्रास देणारे शिक्षकच असतील तर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 अर्जात लिहा, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला त्यात बंदी आहे.

पण काही बाबतीत या पायऱ्या चढत बसायचं नाही. नको तिथे हात लावणं, कपडे काढायला लावणं, तसले व्हिडिओ काढणं, हे पोक्सोमध्ये (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) येतं, मुलगा असो की मुलगी. "आपण आपसात मिटवू" असं शाळा म्हणाली तरी ऐकू नका, असं काही कळल्यावर पोलिसांना कळवणं कायद्याने सक्तीचं आहे आणि त्यात शाळाही आली. मुलाचा जबाब घरी घेता येतो आणि पोलिसांनी तेव्हा युनिफॉर्म घालायचा नसतो, हे मुलाला आधीच सांगा म्हणजे भीती कमी होते. जातीवरून शिव्या, गंभीर मारहाण असेल तरीही थेट पोलीस स्टेशन, तिथे बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारा. काय करावं सुचत नसेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास.

हे सगळं चालू असताना घरी रोज रोज "आज काय झालं?" अशी उलटतपासणी नको. शाळेबाहेरचं काहीतरी असू दे, सोसायटीतलं क्रिकेट, तबल्याचा क्लास, मावसभावाकडे रविवार, जिथे त्याला त्या चिडवायच्या नावाने कोणी ओळखत नाही. त्रास देणाऱ्याशी मैत्री करायचा आग्रह धरू नका, पण वर्गातल्या एखाद्या शांत मुलाला घरी खेळायला बोलवा, सोबत एक जण जरी असला तरी पोराला एकटं गाठणं अवघड होतं. झोप उडाली, जेवण तुटलं, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर किंवा काउन्सेलर गाठा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबरही आहे, मराठीत बोलता येतं.

आणि शाळा बदलायचीच वेळ आली तर त्यात हरल्यासारखं वाटून घेऊ नका. दाखल्यासाठी अडवतील ही भीती असते, पण आठवीपर्यंत आरटीईचं कलम 5 दाखवा, मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा आहे, आणि तो उशिरा आला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. नवीन शाळेत पहिल्याच आठवड्यात क्लासटीचरना थोडक्यात सगळं सांगून ठेवा, मुलाला विचारूनच.