फिल्ड एरियात (आघाडीवरच्या तैनातीत) फौजेच्या कंपन्यांची, म्हणजे तुकड्यांची, फुटबॉल मॅच लावायची तर

जागा आधी इंजिनिअरवाल्यांकडून तपासून घ्या. सुरुंग नाहीत याची खात्री होईपर्यंत सपाट मैदानाचा मोह नको. गोलपोस्टला जेरीकॅन पुरतात.

बघ्यांचा घोळका जमू देऊ नका. १९३९ साली बॉम्बहल्ल्याच्या धास्तीने इंग्लंडच्या सरकारनेही धोक्याच्या शहरांत सामन्याला ८,००० प्रेक्षकांची मर्यादा घातली होती. आपण तर उघड्यावर.

शिट्ट्या आधीच ठरवा: रेफरीची आखूड, हल्ल्याची लांब. लांब वाजली की बॉल तिथेच सोडून खंदक गाठायचा. आमच्या सेंटर फॉरवर्डला हे कधी पटलं नाही, बॉल काखेत मारूनच पळायचा!

उंचीवर हाफ पंधरा मिनिटांचाच ठेवा, दम लागतो. पीटी शूज घाला, फौजी बुटांनी नडग्या फुटतात. मेजरसाहेबांना मुद्दाम पास देणाऱ्याला सरळ बाहेर बसवा.