पायाच्या बायपासआधी १६:८ चा उपास? या चुका टाळा

पायाच्या बायपासची, म्हणजे पायातल्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून रक्ताला नवी वाट देणाऱ्या ऑपरेशनची, तारीख मिळाली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आता पंधरा दिवस सोळा तास उपाशी राहा, उरलेल्या आठ तासांतच जेवा, साखर उतरेल, वजनही उतरेल." सांगणाऱ्याची माया खरी, वेळ मात्र चुकीची.

जखम भरत नाही, बोट काळं पडलंय, अशा माणसाला या दिवसांत प्रथिनं हवी असतात. खाण्याची वेळ आठ तासांवर आली की भाकरी-भाजी टिकते; सकाळचं अंडं, चारचं दूध, रात्रीची उसळ सुटते. पडून असलेल्या माणसाचं उतरलेलं वजन चरबीचंच असतं असंही नाही, त्यात स्नायूही जातात. थोडे दिवस खाणं कमी केलेल्या उंदरांची मूत्रपिंडं रक्तपुरवठा तुटून परत सुरू झाल्यावर जास्त तग धरतात, हे प्रयोगांत दिसलंय. पण तो उंदीर सत्तरीचा, मधुमेही आणि चाळीस वर्षं बिडी ओढणारा नव्हता. आधीपासून १६:८ किंवा दोन वेळा जेवणाची पद्धत पाळत असाल तर ती चालू ठेवायची की नाही, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही विचारा.

सगळ्यात महागात पडते ती गोळ्यांची चूक. जेवण बंद, पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन नेहमीचंच, मग पहाटे साखर खाली येते. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर छातीतली धडधड आणि हातांचा कंप जाणवतीलच असं नाही. घाम फुटला तरी सावध व्हा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्या, पण त्यांची तऱ्हा वेगळी. त्या चालू ठेवून उपाशी राहिलं तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, धाप, पोटदुखी सुरू होते आणि ग्लुकोमीटर मात्र सगळं ठीक दाखवतो. म्हणून या गोळ्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात, त्याही डॉक्टरांनी सांगितल्यावरच. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मात्र "ऑपरेशनआधी रक्त पातळ नको" म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका.

आता 'उपाशी' या शब्दाचा घोळ. आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, आणि चहा तर खाण्यात धरतच नाहीत. भूलतज्ज्ञाचा हिशेब वेगळा असतो. नेहमीचा नियम असा: साधं पाणी भुलेच्या २ तास आधीपर्यंत, हलकं खाणं ६ तास, तळलेलं-तुपकट ८ तास. दूध ६ तासांच्या गटात येतं, त्यामुळे दुधाचा चहाही त्यातच. शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलेली खिचडी थेट ८ तासांत जाते. जुन्या मधुमेहात पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे तुम्हाला जास्त वेळ सांगितला तर वाद घालू नका. तंबाखूची गोळी किंवा मिसरी 'पोटात जात नाही' म्हणून चालते, असंही नाही. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात, आणि आपण त्याच मोकळ्या करायला निघालोय.

उलट टोकाची चूक निर्जळीची. रात्री आठपासून पाण्याचा घोट नाही, सकाळी अँजिओग्राफीचा डाय (रक्तवाहिन्या फोटोत दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध); मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर हा मार त्याला सोसत नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर पाणी किती घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

चुकून बिस्किट खाल्लं गेलं? लपवू नका. भूल दिल्यावर पोटातलं फुप्फुसात गेलं तर ते जिवावर बेतू शकतं. केस चार तास पुढे ढकलणं त्यापुढे काहीच नाही. पहाटे साखर ७० च्या खाली आली तर आधी सिस्टरला हाक मारा. घरी असाल तर ग्लुकोजचं किंवा साखरेचं पाणी घ्या, दूध-बिस्किट नको, आणि काय, किती, किती वाजता घेतलं ते कागदावर लिहून सोबत न्या.

आणि सकाळी आठची केस दुपारी दोनवर गेली, की घसा कोरडा करून गप्प बसू नका. "पाणी किती वाजेपर्यंत चालेल? सलाईन लावणार का? साखर परत कधी बघणार?" हे तीन प्रश्न वॉर्डातच विचारा.