परफॉर्मन्स गाडीसाठी अलॉय आणि टायर कसे निवडावेत : मराठवाड्यातील रस्त्यांचा हिशेब

चपळ गाडी घेतल्यावर पहिली हौस अलॉयची, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या रिमची असते, आणि दुकानात नजर आधी डिझाइनकडे जाते. निवड मात्र मापांपासून सुरू करावी.

चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवरून टायरचे मूळ माप आणि हवेचा दाब लिहून घ्यावा. समजा, माप १९५/५५ आर १६, ८७ व्ही आहे. याचा अर्थ टायरची रुंदी १९५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर, आणि रिम १६ इंचांची. ८७ हा आकडा प्रत्येक टायरची भारक्षमता ५४५ किलो असल्याचे आणि ‘व्ही’ हे अक्षर वेगमर्यादा ताशी २४० किलोमीटर असल्याचे सांगते.

त्यानंतर चाकाचा एकूण व्यास काढावा. १६ ला २५.४ ने गुणून त्यात साइडवॉलची उंची दोनदा मिळवली की सुमारे ६२१ मिलिमीटर येतात. नवा व्यास यापासून दोन टक्क्यांहून अधिक ढळू देऊ नये, अन्यथा स्पीडोमीटर चुकतो आणि गिअरिंगचा मेळ बिघडतो. २०५/४५ आर १७ चा व्यास ६१६ येतो, म्हणजे हिशेबात ते माप बसते. पण साइडवॉल ९२ मिलिमीटरच उरते. येथे आपल्या भागाचा विचार अपरिहार्य आहे. मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरील डांबरी रस्ते लाटांसारखे उंचसखल होतात आणि कडा खचतात. समृद्धी महामार्गावर १७ इंची रिम शोभते. तेथून उतरून बीड किंवा परभणीकडील आडरस्त्याला लागल्यावर तीच रिम खड्ड्यात वाकते किंवा टायरला फुगा येतो. माझ्या मते येथे १६ इंचांवरच थांबून, मूळ रिमपेक्षा हलकी रिम आणि २०५/५५ आर १६ टायर घ्यावेत. व्यास ६३२ होतो, फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो आणि साइडवॉल ११३ मिलिमीटर मिळते. १७ इंचीच हवी असेल, तर २०५/४५ च्या साध्या टायरचा भार-निर्देशांक ८४, म्हणजे ५०० किलो असतो, हे विसरू नये; ८८ चा एक्स्ट्रा लोड, म्हणजे जादा भार पेलणारा टायर मागावा.

आता रिमची मापे पाहावीत. पीसीडी, म्हणजे बोल्टच्या छिद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, तंतोतंत जुळला पाहिजे. ९८ मिलिमीटरच्या हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर रिम बसते त्यावर, १०० ची रिम ओढून बसवणे धोक्याचे आहे. रिमचे मधले छिद्र हबपेक्षा मोठे असल्यास ती फट भरणारी हब रिंग बसवावी.

सर्वाधिक फसगत ऑफसेटमध्ये होते. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर; ते रिमवर ‘ईटी’ या खुणेने मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. साडेसहा इंच रुंद, ईटी ४५ ची रिम काढून सात इंची, ईटी ३८ ची बसवली, तर रुंदीमुळे ६.३५ आणि ऑफसेटमुळे ७, अशी बाहेरची कड १३ मिलिमीटरहून अधिक बाहेर येते. चार माणसे आणि डिकीत सामान घेऊन गाडी दबली की टायर आर्चला, म्हणजे चाकावरच्या कमानीला घासतो. मग आर्च कापून देण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकू नये, रिम बदलावी. रिमच्या मागे कोरलेली भारक्षमताही वाचावी. ती जड ॲक्सलवरील कमाल भाराच्या निम्म्याहून कमी नसावी.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनी देत असलेले माप हा सर्वात सुरक्षित पर्याय ठरतो. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा.

बसवताना नट किंवा बोल्टची बैठक रिमच्या बैठकीशी जुळते का, हे पाहावे. शंकूच्या बैठकीत गोल टोकाचा बोल्ट चालत नाही. शेवटचे घट्ट करणे टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यानुसारच करून घ्यावे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी चालवून आल्यावर वाढलेला दाब पाहून हवा सोडू नये. शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत आणि त्याच वेळी आर्चच्या आतल्या कडेवर घासल्याच्या खुणा दिसतात का, ते हाताने चाचपून पाहावे.