भर उन्हात व्हिडिओ शूट: एनडी फिल्टरची तयारी, आणि ती रिंग

बॅटऱ्या चार्ज, कार्डं रिकामी, ट्रायपॉडची प्लेट जागेवर, हे तुम्ही कराल, त्यावर बोलत नाही. मी बोलणारे स्टेपअप रिंगबद्दल आणि परत परत बोलणारे, कंटाळा आला तरी वाचा. मागच्या आउटडोअर शूटला माझ्या बॅगेत ८२ एमएम साइजचा मस्त एनडी (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काळसर काच) होता, लेन्स ६७ ची होती आणि दोघांना जोडणारी ती फालतू दिसणारी रिंग घरी राहिली होती. फिल्टर लेन्ससमोर हातात धरून बघितला, तर मागून ऊन काचेवर पडून फ्रेमभर पांढुरकी झाक. शेवटी उजेड कापायला शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) चढवलं सेकंदाच्या १/३२०० ला आणि मग व्हायचं तेच झालं, कारंज्याचा एकेक थेंब सुटा सुटा, चालणारा माणूस झटके देत चालतोय. एडिटला मोशन ब्लरचा (हलताना येणाऱ्या धूसरपणाचा) इफेक्ट टाकून बघितला तर हलणाऱ्या हातांच्या कडा वितळल्यासारख्या झाल्या. हे शूटच्या वेळीच जमवावं लागतं, नंतर नाही.

तर पहिलं काम हिशेब, खरेदी नंतर. शटर फ्रेमरेटच्या (सेकंदाला किती फ्रेम, त्याच्या) दुप्पट ठेवायचं हे माहितीच असेल, २५ ला १/५०, ३० ला १/६०, ५० ला १/१००. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/१०० असेल तर अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ १६ च्या आसपास ठेवून एक्स्पोजर बरोबर येतं, फिल्मच्या काळातला हा ठोकताळा आजही चालतो. आपल्याला १/५० पाहिजे, म्हणजे एफ २२. आता बॅकग्राउंड ब्लर हवं म्हणून एफ २.८ ला यायचं असेल तर बोटांवर मोजा, १६, ११, ८, ५.६, ४, २.८, सहा स्टॉप झाले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे एनडी६४, उजेडाचा चौसष्टावा भाग सोडणारा. लॉगमध्ये (नंतर रंग करायला सोयीचं फिकट प्रोफाइल) शूट करत असाल आणि कॅमेऱ्याचा लॉगचा बेस, म्हणजे मूळ, आयएसओ ८०० असेल तर वर आणखी तीन, एकूण नऊ स्टॉप, एनडी५१२. इथे बरेच जण फसतात, आधी साध्या प्रोफाइलवर हिशेब करून फिल्टर घेतात आणि शूटच्या दिवशी लॉग ऑन करतात. आणि एफ २२ वरच शूट केलं तर काय बिघडलं असं कोणी विचारेल, तर एक म्हणजे एवढ्या बारीक अपर्चरला चित्र मऊ पडतं आणि दुसरं म्हणजे सेन्सरवरची सगळी धूळ आकाशात ठिपके होऊन दिसते, बघा चालतंय का.

माझं मत विचाराल तर दोन फिक्स्ड घ्या, एनडी८ आणि एनडी६४, बस. कडक ऊन असेल तर ६४, दाट ढग आले की उजेड साधारण तीन स्टॉपनं उतरतो तेव्हा ८, आणि लॉगला दोन्ही एकावर एक लावले की नऊ स्टॉप. लक्षात ठेवा, स्टॉप मिळवायचे असतात, एनडीचे आकडे गुणायचे असतात, ८ आणि ६४ मिळून ७२ होत नाही, ५१२ होतं. डबीवर कोणी एनडी६४ छापतं, कोणी १.८, कोणी सरळ ६ स्टॉप, वस्तू एकच, दर स्टॉपला ०.३ धरायचं. अर्धा काळा अर्धा पारदर्शक मिळतो तो ग्रॅज्युएटेड, तो चुकून उचलू नका, त्याचं काम वेगळं.

व्हेरिएबल एनडी सोयीचा आहे हे मान्य, ढग आला की नुसतं फिरवायचं. एकट्यानं पळापळीचं शूट असेल, लग्न, मिरवणूक वगैरे, तर तोच घ्या, मी भांडणार नाही. पण तो म्हणजे आत दोन पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडणाऱ्या काचा) असतात, त्यामुळे पोलरायझरचे सगळे चाळे त्याच्यासोबत येतात. आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं, वाइड लेन्सवर तर हमखास, आणि पॅन केलं, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवला, की ते बदलत जातं. शॉटमध्ये कोणाच्या हातात मोबाइल किंवा समोर लॅपटॉप असेल तर एखाद्या अँगलला स्क्रीन पूर्ण काळी दिसते. आणि शेवटच्या टोकाला नेला की फ्रेमवर तो कुप्रसिद्ध काळा एक्स. म्हणून दोन्ही टोकांना अडणारा घ्या, म्हणजे हार्ड स्टॉपवाला, आणि १ ते ९ स्टॉप असं सगळं एकाच काचेत देतो म्हणणाऱ्यापेक्षा २ ते ५ आणि ६ ते ९ असे वेगळे मिळतात ते बरे.

आता परत रिंग. लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा कॅपच्या आतल्या बाजूला गोलावर तिरकी रेघ अशी खूण आणि पुढे आकडा असतो, ४९, ५२, ५८, ६७, ७७, ८२ असा काहीतरी, तो फिल्टरचा साइज. ५० एमएम ची लेन्स आहे म्हणून ५० चा फिल्टर मागणारे लोक आहेत, हसू नका, तो फोकल लेंग्थचा आकडा आहे. बॅगेतल्या प्रत्येक लेन्सचा आकडा कागदावर लिहा, जी लेन्स "बहुतेक लागणार नाही" तिचासुद्धा, कारण नेमकी तीच लागते. फिल्टर सगळ्यात मोठ्या साइजचा घ्या आणि बाकी प्रत्येक लेन्सला एक रिंग. रिंगवर पहिला आकडा लेन्सचा, दुसरा फिल्टरचा, ६७-८२. उलटी ८२-६७ आली तर ती स्टेपडाउन, तिचा इथे काही उपयोग नाही. आणि रिंगा एका पिशवीत वेगळ्या ठेवू नका, लेन्सवर चढवून टाका आणि तिथेच राहू द्या, कॅप मोठ्या साइजची घ्या. रिंग लेन्सवर. बॅगेच्या कप्प्यात नाही, चार्जरच्या पाउचमध्ये नाही, लेन्सवर. मोठ्या फिल्टरचा फायदा असा की दोन एकावर एक लावले तरी वाइडला कोपरे काळे व्हायची भीती बरीच कमी होते. तोटा एकच, लेन्सचा स्वतःचा हूड बसत नाही, म्हणून ऊन अडवायला काळं पुठ्ठं किंवा मॅट बॉक्स काहीतरी सोबत हवं.

रंगाचं एक बघा. स्वस्त एनडी हिरवट नाहीतर पिवळट झाक देतात, ते व्हाइट बॅलन्सनं (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग) बरंचसं निघतं. इन्फ्रारेडचं, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचं, निघत नाही. जाड एनडी नेहमीचा उजेड अडवतो पण इन्फ्रारेड बराचसा सोडून देतो, मग काळा सिंथेटिक कोट फ्रेममध्ये चॉकलेटी-लालसर दिसतो आणि शेजारची काळी बॅग मात्र काळीच, आता करा करेक्शन. सहा स्टॉप आणि त्याच्या पुढचे घेताना आयआर-एनडी लिहिलेला घ्या, यावर पैसे वाचवू नका.

घरून निघायच्या आधी एकदा सगळं जोडून बघा, म्हणजे खरंच जोडून, रिंग लेन्सवर, फिल्टर रिंगवर, आणि खिडकीतून आकाश आणि एक काळं कापड शूट करून मोठ्या स्क्रीनवर बघा. वाइडला आणि टेलीला दोन्हीकडे. फिल्टर बसवताना आधी हलकेच उलटा फिरवा, आटे टिक करून जागेवर बसल्याचं बोटांना कळतं, मग सुलटा. जोर करून पिळू नका. अडकलाच तर घट्ट दाबून काही होत नाही, उलट रिंग दबून आणखी अडकते, भोवती रबरबँड लावून सैल हातानं फिरवा. पितळी रिंग ॲल्युमिनियमपेक्षा कमी अडकते, वजनाला जड असते एवढंच.

जागेवर गेल्यावर ऑटो आयएसओ बंद, ऑटो शटर बंद, फिल्टर लावल्यावर व्हाइट बॅलन्स, आधी नाही. लेन्स बदलली की रिंग आहे का बघा. पुसायला आधी ब्लोअर मग कापड, शर्ट नाही. मोबाइलवाल्यांनो, तुमचं अपर्चर बहुतेक फोनमध्ये बदलतच नाही, त्यामुळे एनडीशिवाय पर्याय नाही आणि शटर लॉक करणारं मॅन्युअल ॲप पाहिजे, नाहीतर फिल्टर लावून काही फरक पडणार नाही. ड्रोनवाल्यांनो, फिल्टर त्या त्या मॉडेलचाच आणि पॉवर ऑन करायच्या आधी लावा, नंतर लावलात तर गिंबल कुरकुर करतो.